वाकलेल्या पाठीचं माप

शिंपीमास्तरांनी पाय ओढतच दुकान बंद केलं आणि बायकोला घेऊन शोरूम गाठलं. गाडीचं खूळ तरुणपणापासूनचं, पण आता हौसेलाही धाप लागत होती.

समोर दोन स्पोर्ट्स बाइक उभ्या होत्या. राखाडीवर ताठ बसता यायचं, मागची सीटही ऐसपैस होती. लालचं हँडल इतकं खाली, की टाकीवर ओणवंच व्हावं लागे.

"अहो, राखाडीच घ्या. ती लाल म्हणजे पोरखेळ," बायको म्हणाली.

मास्तर राखाडीवर बसले. ताठ होताच पाठीतून कळ गेली. "कापड चांगलंय, पण अंगात बसत नाही," ते पुटपुटले आणि लाल गाडीवर जाऊन ओणवले. शिलाई मशीनवर जन्मभर वाकलेली पाठ तिथे बेतून शिवल्यासारखी बसली.

"बघ, अगदी मापात."

"वाकायची हौस अजून फिटली नाही वाटतं?"

"वाकणं काही सुटत नाही गं. मशीनवर वाकून जन्मभर पाय मारले, पण जागचा हललो नाही. हिच्यावर वाकलो तर निदान कुठेतरी पोचेन."

"पोचू म्हणा," बायको म्हणाली आणि मागच्या वीतभर सीटवर चढली.