गाडीचा आवाज तोंडानं

आमच्या घरी कधी सायकलही नव्हती. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, आणि जुनी डिझेल गाडी घेणाराही पहिलाच. ती चढावर दम सोडू लागली. एका गॅरेजवाल्यानं इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बोच बदलायला सांगितला. तो खर्च झेपणारा नव्हता, गाडी विकावी लागली असती.

मग गाडी राळेगावच्या एका मिस्त्रीकडे नेली. तो बॉनेट उघडण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडीचा आवाज काढायला लावतो.

"टर्बो लॅग आहे," मी म्हणालो.

"इंग्रजी नोका सांगू, साहेब. गाडी कशी ओरडते थे तोंडानं काढा."

भर रस्त्यात मी लाजत "सुईई" केलं.

"चढावर अशीच लाजते काय गाडी?"

मी जोरात "सुईईईई" केलं. मिस्त्री खूश!

"टर्बो चांगला हाये. हवा पळून राह्यली." टर्बोच्या रबरी पाइपला चीर निघाली. त्यानं तेवढा पाइप बदलला.

आई-बाबांना घेऊन गाडी यवतमाळचा चढ चढली.