उजव्या गुडघ्यावर घेतलेली खोली

माझा उजवा गुडघा थोरल्या भावानं घालवला, असं मी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो. नव्वदच्या सुमारास आम्ही दोघं मार्केट यार्डात हमाल होतो. तीस तीस किलोचे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवर घेऊन ट्रक भरायचे. एकदा ट्रकवर उभ्या असलेल्या भावाच्या हातून रवा निसटला आणि माझ्या गुडघ्यावर आला. पंधरवडाभर मी लंगडत होतो.

पुढं घराची वाटणी झाली. रस्त्याकडची, तीन पायऱ्या वरची खोली दोघांनाही हवी होती. तिथं दुकान चालणार हे मला दिसत होतं. मी पँट वर सारून गुडघाच पुढं केला. ह्याचं काय देतोस ते बोल, म्हणालो. आवाज फार चढवला. भाऊ गप्प बसला आणि खोली मला मिळाली. वर्षभरात तो शहराबाहेर कळंब्याला राहायला गेला.

मी गुळाचं दुकान काढलं, वाढवलं. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, त्यात पोटही सुटलं. गुडघा दुखला की भावाला शिव्या. मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्याला पोस्टानं पाठवली.

मग पायऱ्या चढवेनात. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि डावा गुडघा जास्त झिजलाय म्हणाले. मार उजव्याला लागलाय, नीट बघा, असं मी तापूनच सांगितलं. त्यांनी शांतपणे समजावलं. जुना मार हे एक कारण असतं, पण तेवढ्यानं दोन्ही गुडघे असे होत नाहीत. तरुणपणीची ओझी, वाढलेलं वजन, वय, सगळंच लागतं. घरात कुणाला होतं का, असंही विचारलं. आमची आई शेवटी शेवटी पायऱ्या कडेला वळून, एकेक करून उतरायची, ते आठवलं. तरी मी घासाघीस केलीच. यात मारामुळं किती? तशी वाटणी करता येत नाही, म्हणाले.

त्याच आठवड्यात कळंब्याला गेलो. भाऊ अंगणात खुर्चीवर बसला होता. पाय माझ्यापेक्षा वाकलेले. मी डाव्या गुडघ्याचं सांगितलं.

"मला ठावं हुतं की. रवा पडल्यावर महिन्याभरात नदीवर पळत जात हुतास तू."

"मग खोली का सोडलीस?"

"आई आत ऐकत हुती. तिच्या म्होरं भांडायचं न्हवतं."

आईला जाऊन आता दहा वर्षं झाली होती. वाटणीच्या दिवशी ती घरात होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. भावाचा रागही आला. तेव्हाच एक शब्द बोलला असता तर मी काय त्याला खाल्लं असतं? कदाचित खाल्लं असतं.

वहिनींनी चहा दिला. निघताना मी म्हणालो, दादा, ती खोली घे आता.

त्यानं स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले.

"तीन पायऱ्या हायत तिला. आता मला चढवत न्हाईत."