खोक्यातला झगेवाला

परवा शिरूरला एका लग्नात मी आणि बापू शेजारी-शेजारी जेवायला बसलो होतो. वाढप्यानं ताटात जिलबी टाकली. बापूनं ती उचलून उजेडाकडे धरली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "लाल दोरा!"

मला हसता हसता ठसका लागला. समोरचे पाहुणे आमच्या तोंडाकडे बघत राहिले. आता त्यांना काय सांगणार? दोरा सांगायचा तर आधी शेळकेमामा सांगायला लागतात. शेळकेमामा सांगायचे तर सलीमभाईचं दुकान आलं. आणि दुकानाचं नाव काढलं की रफिक आलाच! आमच्या किस्स्यांचं हे असं आहे. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळंच सांगून टाकू.

* * *

दोन हजार सालाच्या अलीकडे-पलीकडे आम्ही चौघं रांजणगावच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत होतो. मी स्टोअरला, बापू मेंटेनन्सला फिटर, रफिक वेल्डर आणि शेळकेमामा क्वालिटीचे इन्स्पेक्टर. मी आणि बापू कारेगावात एका खोलीत राहायचो. रफिक पक्का शिरूरचा. त्याचे थोरले भाऊ सलीमभाई यांचं एसटी स्टँडजवळ स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान होतं.

एकदा सलीमभाईंनी पुण्याहून सुपरहीरोंचा एक अख्खा लॉट आणला. परदेशी माल! मान वळते, गुडघा वाकतो, बोटं मिटतात, आणि पुढून पारदर्शक खिडकी असलेलं खोकं. शिरूरच्या पोरांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्यांना बॅट-बॉल हवा होता. गिऱ्हाईक मिळालं ते आम्ही! चांगले मिशावाले, शिफ्ट करणारे बाप्ये.

खरं सांगायचं तर लहानपणी आमच्यापैकी कुणाकडेच असलं खेळणं नव्हतं. जत्रेतली शिट्टी आणि पत्र्याचा बेडूक, संपला विषय. त्यामुळे तो पहिला हीरो हातात आला तेव्हा आम्ही चौघांनी पाळीपाळीनं त्याचा गुडघा वाकवून पाहिला. 

बाहुली म्हटलेलं मात्र रफिकला खपायचं नाही. "ॲक्शन फिगर म्हणायचं!" तो सगळ्यांना बजावायचा.

सलीमभाई म्हणायचे, "बरं बाबा, ॲक्शन फिगर. बाहुल्यांच्या कप्प्यात ठेवलीय, जा घेऊन ये."

* * *

गुरुवारी कंपनीला सुट्टी. नवा माल आला की त्या दुपारी दुकानाच्या काउंटरवर आमचा रिव्ह्यू चालायचा. तो करायचे शेळकेमामा.

मामांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. आधी तो काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा, मग चढवायचा, मग हीरो हातात घ्यायचा. सांधे फिरवून बघायचे, रंग कुठं ओघळलाय का बघायचं, एका पायावर उभा राहतो का बघायचं. कंपनीत चांगल्या मालाला हिरवा टॅग आणि रिजेक्ट मालाला लाल. मामांनी तीच पद्धत इथं आणली. डाव्या खिशात लाल दोऱ्याचं रीळ, उजव्या खिशात हिरव्याचं. निकाल लागला की हीरोच्या कमरेला दोरा बांधायचा.

लाल रीळ दर दोन महिन्यांनी नवं लागायचं. हिरव्याचा वरचा कागदसुद्धा कधी फाटला नाही!

एकदा एक निळा गडी आला. छाती भरदार, जबडा चौकोनी, आम्ही सगळे खूश. मामांनी चष्मा पुसला, पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही हात डावे हायेत."

आम्ही वाकून पाहिलं. खरंच! दोन्ही अंगठे एकाच बाजूला.

"रिजेक्ट," मामा म्हणाले आणि लाल दोरा काढला.

सलीमभाई कळवळून म्हणाले, "अहो मामा, गुद्दाच तर मारायचाय त्याला. डाव्या हातानं लागत नाही का?"

* * *

मग पंखवाला आला. मामांच्या मते उभं राहण्याची टेस्ट वाऱ्यात व्हायला पाहिजे. त्यांनी सलीमभाईंना टेबलफॅन फुल्ल सोडायला लावला. पंखवाला जागचा हलला नाही, पण संक्रांतीसाठी आणलेले पतंग काउंटरवर रचून ठेवले होते, ते सगळे उठले आणि थेट एसटी स्टँडात गेले! अहमदनगर गाडीच्या ड्रायव्हरनं काचेवर बसलेले दोन पतंग आणून दिले, बाकीचे प्रवाशांनी नेले.

सलीमभाई डोक्याला हात लावून बसले. "मामा, आता तरी पास करा त्याला! इंचभर सरकला नाही बिचारा."

मामा म्हणाले, "तेच तर! पंख लावलेत म्हंजी उडाया पाहिजे व्हता. रिजेक्ट!"

* * *

आणि मग आला तो तांबडा झगेवाला.

लॉटमध्ये तो एकच होता. अंगात काळा पोशाख, मागं तांबडा झगा आणि छातीत गोल भिंग. खोक्यावर चित्र काढलं होतं की छातीवरचं बटण दाबलं की भिंगात दिवा लागतो. तसला दिवा आम्ही कुणीच पाहिला नव्हता. बापू आणि रफिक दोघांनीही एकदम खोक्याला हात घातला. दोघं आयटीआयपासूनचे दोस्त, भांडायचं कसं? शेवटी अर्ध्या-अर्ध्या भागीत घेतला.

गुरुवारी रिव्ह्यू ठरला. पण मंगळवारी रफिकचा सौदीचा व्हिसा आला आणि बुधवारीच त्याला मुंबईला निघावं लागलं. सकाळच्या एसटीत चढताना त्याला बाकी काही सुचेना. दारातूनच ओरडला, "बाप्या, मी आल्याशिवाय फोडायचा न्हाई!"

"न्हाई फोडत!" बापू खालून ओरडला.

दोन वर्षांचा करार होता. बापूनं खोकं खोलीत ठेवलं नाही, दौंडजवळ त्याच्या गावी नेऊन आईच्या ताब्यात दिलं. गुरुवारी मामा दोन्ही रिळं खिशात घालून दुकानात आले, तर रिव्ह्यूला मालच नव्हता. मामा खूप वेळ नुसताच चष्मा पुसत बसले होते.

* * *

मामांच्या चष्म्याचा किस्सा वेगळाच आहे. एका गुरुवारी ते चष्मा दुकानातच विसरून घरी गेले. शुक्रवारी सकाळी तसेच स्टँडजवळ येऊन उभे राहिले. समोर मोठं काहीतरी थांबलं. कंपनीची बस समजून मामा चढले, नेहमीच्या खिडकीला बसले आणि झोपले.

कंडक्टरनं तिकिटासाठी उठवलं, तर मामांनी डोळे न उघडता कंपनीचं आयकार्ड दाखवलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हे कार्ड दाखवून आत घ्यायला ही काय फॅक्टरी न्हाई. ही दौंड गाडी हाय."

दुपारी कंपनीच्या गेटवर फोन आला. "मी दौंडात हाय. आज माल तपासू नका, मला दिसंना."

तेव्हापासून आमच्यात म्हणायची पद्धतच पडली की चष्म्याशिवाय मामांना हत्तीसुद्धा दिसत नाही. मामा स्वतःच म्हणायचे, "खरंय. म्हणून चष्म्याबिगर मी कवाच कशावर सही केली न्हाई."

* * *

दोन वर्षांनी रफिकचा करार वाढला. मग पुन्हा वाढला. बापूचं लग्न काढायची वेळ आली.

मुलीकडचे घर बघायला आले. खंडेनवमी नुकतीच झाली होती. बापूच्या आईनं रिवाजाप्रमाणे घरातली हत्यारं पूजली होती. कोयता, पाना, पक्कड आणि त्याच ओळीत झगेवाल्याचं खोकं! पोरगा एवढा जपतोय म्हणजे कामाचंच काहीतरी असणार, असं त्या माउलीला वाटलं. खोक्याला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल.

मुलीच्या मामांनी खोक्याच्या खिडकीतून आत पाहिलं. काळा पोशाख, तांबडा झगा. हात जोडावेत की नाही ते त्यांना ठरवता येईना. हळूच विचारलं, "तुमचं कुलदैवत का?"

"न्हाई मामा," बापू म्हणाला, "निम्मा माझ्या दोस्ताचा हाय."

सोयरीक तिथंच मोडायची. पण दारामागून मुलीचं हसू ऐकू आलं आणि सगळं जमलं. ती सुनीता. लग्नानंतर तिनं बापूला पहिला प्रश्न विचारला, "दिवा खरंच लागतो का हो?"

* * *

रफिकला लग्नाला येता आलं नाही. पुढच्या रविवारी त्याचा फोन येणार होता, स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर. एका माणसाच्या बूथमध्ये बापू, सुनीता, मी आणि सलीमभाई एकमेकांच्या पायावर उभे. फोन वाजला. खरखर, मग रफिकचा आवाज.

"बाप्या, फोडला का?"

"न्हाई."

"अजून न्हाई?"

"तू कवा येतो?"

तेवढ्यात लाइन कटली. लग्नाचं राहिलं, खुशाली राहिली, नव्या वहिनीचा नमस्कार राहिला. बापू रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा होता. बाहेर रांगेतला एकजण काचेवर टकटक करायला लागला, तेव्हा सुनीतानं त्याच्या हातातून तो काढून जागेवर ठेवला.

* * *

शेळकेमामा मात्र दर भेटीत बापूच्या मागं लागायचे. "त्यात सेल हाय. सेल पडून राहिला की फुटतो, पाणी सुटतं, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खातं. एकदा उघड, सेल काढ, परत चिकटव. रफिकला काय कळतंय?"

"मला कळंल की मामा," बापू म्हणायचा.

लग्नानंतर बापू गावच्या घरूनच कामाला यायचा. एकदा सेकंड शिफ्टसाठी निघता निघता फळीकडे बघतो तर खोकं नाही! घर रंगवायला काढलेलं, सामान अंगणात. बापूनं सगळं सामान उलटंपालटं केलं, बस चुकली ती चुकलीच. शेवटी सुनीतानं ट्रंक उघडली. सगळ्यात खाली, लग्नाच्या शालूत गुंडाळलेला झगेवाला!

"उंदरांनी फळीवरचा कागद कुरतडला होता," ती म्हणाली. "शालूचं काय, मला कुठं रोज नेसायचाय?"

त्या दिवसापासून आम्ही तिलाही रिव्ह्यूला बोलवायला लागलो.

* * *

शेवटी रफिक आला. कायमचा. मधल्या काळात कुणाच्या कुणाच्या खिशात मोबाईल आले होते, मामा रिटायर झाले होते आणि रफिकच्या दाढीत पांढरे केस आले होते. गुरुवारी दुपारी सगळे सलीमभाईंच्या दुकानात जमलो. बापू आणि सुनीता दौंडहून एसटीनं आले, खोकं सुनीताच्या मांडीवर, शालूसकट.

"तू फोड," बापू म्हणाला.

"न्हाई, तू."

शेवटी दोघांनी दोन बाजूंनी चिकटपट्टी ओढली. आतल्या तारा सोडवल्या. झगेवाला बाहेर आला, जसा काही कालच बनवलाय असा. तांबडा रंग जराही उतरला नव्हता. रफिकनं बापूकडे पाहिलं, बापूनं मान हलवली आणि रफिकनं बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा.

सलीमभाईंनी धावत नवा सेल आणला. बापूनं स्क्रू काढून पाठीचं झाकण उघडलं. आतला सेल फुटून पांढरी भुकटी झाली होती आणि तिनं पट्ट्या खाऊन टाकल्या होत्या. नवा सेल बसवून पाहिला. छातीतलं भिंग काळंच राहिलं.

रफिक खाली बघून म्हणाला, "मी उगंच म्हटलो बाप्या, फोडू नको म्हणून. तुम्ही तरी बघितला असता."

 बापूचे डोळे भरून आले होते. माझेही भरले होते, लपवायचं कशाला?

मग आम्ही सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. सेलचं सांगून सांगून ज्यांचा घसा सुकला होता ते हेच. आता ते काय बोलणार, ते आम्हाला पाठ होतं.

मामांनी चष्मा काढला. आम्हाला वाटलं, पुसणार. त्यांनी त्याची घडी घातली आणि तो खिशात टाकला. नुसत्या डोळ्यांनी हात पुढं केला, तो भलतीकडेच गेला, तेव्हा बापूनं झगेवाला त्यांच्या मुठीत दिला. मामांनी त्याला हातभर लांब धरलं आणि अंगठ्यानं चाचपडत बटण दाबलं.

"लागला की!" मामा म्हणाले.

 मामांनी उजव्या खिशातून रीळ काढलं, दातानं त्याचा कागद फाडला आणि हिरवा दोरा झगेवाल्याच्या कमरेला गुंडाळला.

"गाठ तेवढी तुम्ही दोघं मारा रे," ते म्हणाले, "मला दिसंना."