पडद्यावरची पाठ

सूर्यभान वाव्हळे परभणीच्या कोर्टात सहायक सरकारी वकील झाला, त्याच हिवाळ्यात त्याची पाठ धरली. मालनने, त्याच्या बायकोने, जाडं मीठ तव्यावर भाजलं, फडक्यात बांधलं आणि ती शेकायला बसली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला.

"अवो, फोड आलाय की इथं. चटका बसंना का तुमाला?"

"बसला की," तो म्हणाला. "सोसला."

त्याला चटका बसलाच नव्हता.

त्याच्या पाठीवर एक जुनी खूण होती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून गावोगाव पेटलं, तेव्हा गंगाखेडजवळच्या त्याच्या गावातली बौद्धांची घरंही पेटवली गेली. आईला बाहेर ओढताना आढ्याचा जळता वासा त्याच्या पाठीवर कोसळला. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका, दोरखंडासारखा व्रण राहिला. धाकट्या बहिणीने, दगडाबाईने, चुन्याची निवळी आणि खोबरेल फेटून त्यावर कितीतरी दिवस हलक्या हाताने लावलं होतं. जळाल्या कातडीला कळत नाही, एवढंच असेल, असं त्याने आता मनाला बजावलं. पण फोड व्रणावर नव्हता. व्रणाच्या शेजारी, चांगल्या कातडीवर होता. दुसऱ्या दिवशी मालन पाण्याला गेल्यावर त्याने दोन आरसे समोरासमोर धरले. पुरीएवढा फिकट तांबूस चट्टा दिसला. टाचणी टोचली, टोचल्याचं कळलं नाही.

परभणीच्या दवाखान्यात जायची छातीच झाली नाही. तिथला शिपाईदेखील त्याला 'वकीलसाब' म्हणून सलाम करायचा. तो रेल्वेने शेजारच्या जिल्ह्यात गेला. तिथल्या खिडकीवर नाव विचारलं, तेव्हा तोंडातून मामाचं नाव निघालं. सिताराम. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, लवकर आलात, सहा महिन्यांत बरे व्हाल, तुमच्यापासून कुणाला धोका नाही. मग म्हणाला, पाठीचा फोटो घेऊन ठेवतो, सुधारणा किती झाली ते कळतं. सूर्यभानला कधी एकदा सदरा चढवून बाहेर पडतो असं झालं होतं. त्याने होकाराची मान हलवली आणि फोटो निघाला.

गोळ्या त्याने कोर्टाच्या पिशवीत, जुन्या निकालपत्रांच्या खाली लपवल्या. महिन्याची मोठी गोळी घेतली की लघवी लालभडक व्हायची. पहिल्या वेळी तो मोरीत भिंतीला धरून उभा राहिला आणि नंतर बादलीवर बादली ओतत बसला. मालनने दारावर थाप मारली, "किती पाणी नासायलाव?" तो दचकला तसा दचकतच राहिला. कोर्टात कुणी पाठीवर सहज हात टाकला तरी अंग चोरायचा. कोर्स संपला, डॉक्टर म्हणाला बरे झालात. भीती मात्र होती तिथेच राहिली.

वर्षभराने मोठ्या सरकारी वकिलांनी त्याच्या टेबलावर एक फाईल टाकली. "पालमच्या बाईचा दावा आहे सरकारवर. किरकोळ आहे. बघून टाका."

बाईचं नाव चतुराबाई. विधवा. पालमच्या एसटी स्टँडाजवळ तिची खाणावळ होती. गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजाराला आलेली माणसं तिच्याकडे भाकरी-पिठलं खायची. तिनेही त्याच्यासारखंच महारोगावर औषध घेतलं, पुरं केलं, कुणाला कळू दिलं नाही. पुढे बाजाराच्या दिवशी प्रचाराची गाडी आली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पांढरा पडदा बांधला, भोंग्यावर माहिती सांगत एकेक चित्र मोठं करून दाखवायला सुरुवात केली. त्यात एका बाईची उघडी पाठ आली. चेहरा नव्हता. पण मानेखाली लहानपणी डागल्याच्या तीन रेघा होत्या. गर्दीतून तिचीच जाऊ ओरडली, "अगं बया, ही तर आमची चतुरा!" त्या दिवसापासून खाणावळीत माणूस फिरकला नाही.

सूर्यभानने फाईल वाचली आणि त्याला दवाखान्यात काढलेला आपल्या पाठीचा फोटो आठवला. त्याने प्रोजेक्टर चालवणाऱ्या भुजंगला बोलावून घेतलं. भुजंग हा खेड्यापाड्यांतून चित्रं दाखवत फिरणारा उत्साही गडी.

"ही चित्रं कुठून आली?"

"वरून आली साहेब. तीन-चार जिल्ह्यांतल्या दवाखान्यांचे फोटो गोळा करून पेटी बनवलीय. लय झकास फोटो हायती. लोक डोळे फाडून बघतेत."

"कुठं कुठं दाखवलीत?"

"पालम, पेडगाव, गंगाखेड... गंगाखेडच्या आसपासची सगळी खेडी झाली."

त्या खेड्यांत सूर्यभानचं गावही आलं. "पेटी आण. मला बघायचीय."

"पेटी कोर्टात जमा हाय की. त्या बाईच्या वकिलानं अर्ज देऊन सील करून घेतली."

आता पेटीत काय आहे ते कळायला एकच वाट होती आणि ती भर कोर्टातून जात होती.

त्याने पुस्तकं धुंडाळली. रोग्याचं गुपित कुणी फोडलं तर काय करायचं, हे कुठे सरळ सापडेना. खाजगीपणावरचे जे निकाल होते ते पोलिसांनी अपरात्री दार ठोठावण्यावरचे. पडदा आणि दिवा घेऊन माणसाचं अंग बाजारात मांडण्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. सरकारच्या बाजूने ही गोष्ट चांगलीच होती. सूर्यभान मात्र एकेक पान उलटताना, बाईच्या बाजूचं काहीतरी सापडावं, असं मनातल्या मनात म्हणत होता.

चतुराबाईचे वकील माणिकराव यांनी मागणी केली की चित्रं न्यायाधीशांनी स्वतः पाहावीत. सूर्यभान उठला. "माझी हरकत आहे साहेब. चित्रं पुन्हा दाखवणं म्हणजे वादीची आणखी बेअब्रू करणं. तिच्याच भल्यासाठी..." मुद्दा बिनतोड होता. तो भीतीपोटी निघाला होता, हे एकट्या त्यालाच माहीत होतं.

न्यायाधीशांनी चतुराबाईकडे पाहिलं. नाकीडोळी नीटस, पदर घट्ट आवळलेली बाई. ती म्हणाली, "साऱ्या बाजारानं बगितलं साहेब. तुमीच तेवढे ऱ्हायले. बगा."

न्यायाधीशांनी दार बंद ठेवून, फक्त दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर चित्रं पाहायचं ठरवलं.

त्या दुपारी कोर्टाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर पडदा बांधला. पंखा बंद, कारण वीज प्रोजेक्टरला लागत होती. काळ्या कोटात सूर्यभान घामाने निथळत बसला. भुजंगने चित्र सरकवलं की खट् आवाज व्हायचा. एक हात आला. एक कान. एका पोराचा गाल. मग तीन रेघांची पाठ आली.

चतुराबाई पुढे झुकली. "ही मी," ती हळूच म्हणाली. "माजी पाठ मी जन्मात पैल्यांदाच बगायले."

खट्. एक पाय. खट्. एक कोपर. पेटी संपत आली असं त्याला वाटलं, त्याने श्वास सोडला आणि खट्, भिंतभर त्याची पाठ उभी राहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका व्रण आणि त्याच्या कडेला फिकट डाग.

"हा भाजल्याचा व्रण का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"होय साहेब," सूर्यभानशेजारी बसलेला कुष्ठरोग अधिकारी म्हणाला. "हा शिकलेला माणूस. वेळेवर आला म्हणून सुधारला. लोकांना उदाहरण म्हणून आम्ही हे चित्र जरा जास्त वेळ ठेवतो."

माणिकराव उठले. "ह्या माणसाला विचारलं होतं? की तुझी पाठ आम्ही गावोगाव दाखवणार?"

"चेहरा कुठाय?" अधिकारी चिडला. "नुसत्या पाठीवरून कोण ओळखणार? आमचे सरकारी वकील सांगतीलच."

सगळ्यांच्या माना सूर्यभानकडे वळल्या. पडद्यावरून येणारा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. त्याला वाटलं, आता ह्या कोटाच्या आरपार सगळ्यांना दिसतंय. तो उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "पुढची तारीख मिळावी साहेब. मला... सूचना घ्यायच्यात."

संध्याकाळी घरी न जाता तो गंगाखेडची एसटी पकडून दगडाबाईकडे गेला. बहिणीचं गाव गंगाखेडलाच लागून होतं. दर दिवाळीला तिची पोरं परभणीला मामाकडे यायची. ह्या दिवाळीला आली नव्हती. परीक्षा आहे, असा निरोप आला होता.

दगडाबाईने चहा केला, कप त्याच्या हातात न देता समोर जमिनीवर ठेवला आणि जरा लांब सरकून बसली.

"दगडे, तू तो पिच्चर बघितलास का?"

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "बगितला, दादा."

"मग?"

"त्या पाठीला म्या तेल लावलंय. मी न्हाई वळखणार व्हय?" तिचा आवाज चिरकला. "गर्दीत हुभी व्हते. वाटलं आता कुनीतरी आरडतंय, वकिलाची पाठ, वकिलाची पाठ. तशीच पळत आले घरी. नवऱ्यालाबी बोलले न्हाई. पोरांना तेवढं तुज्याकडं पाठवलं न्हाई. माफ कर दादा, पर लेकरं हायती."

"मी बरा झालोय."

"आसशील. मला काय कळतंय त्यातलं. मला भ्या वाटतं."

प्रचाराची गाडी पुन्हा आली तर, ह्या एका विचाराने ती त्या दिवसापासून दर बाजाराला धास्तावून जायची. भाऊ-बहीण दोघंही एकाच गोष्टीला भीत होती आणि एकमेकांपासून लपवत होती. सूर्यभानने चहा पिऊन टाकला. तो निवला होता.

परभणीला परतल्यावर त्याने मालनला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. उठली, दोन्ही लेकरांच्या वाकळा उचलल्या आणि दुसऱ्या खोलीत नेऊन टाकल्या. बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी लुगडं बदलून, लेकरांना तयार करून उभी राहिली. "त्या डाक्टरकडं न्या आमाला. मला त्याच्या तोंडून ऐकू द्या." डॉक्टरने तिघांना तपासलं, काही नाही म्हणाला. परतीच्या गाडीत मालन खिडकीबाहेर बघत बसली आणि परभणीच्या अलीकडे म्हणाली, "येवढे दिस येकट्यानं वागवलं. मी काय मेले व्हते?"

पुढच्या तारखेच्या आधी सूर्यभानने सरकारला आपलं मत कळवलं. दावा लढवू नये, तडजोड करावी. औषधासाठी उघडी केलेली पाठ प्रचारासाठी वापरायला वेगळी परवानगी लागते, आणि चेहरा झाकला म्हणून माणूस झाकला जात नाही. मोठ्या सरकारी वकिलांनी त्याला बोलावून घेतलं.

"वाव्हळे, नेमणूक सरकारच्या मर्जीवर असते, ठाऊक आहे ना? आणि हा सरकारच्या बाजूचा विचार आहे की बाईच्या?"

सूर्यभानच्या मनात आलं, ह्यांना कळलंय का? कुणी बोललंय का? "दोघांच्याही, साहेब," तो कसंबसं म्हणाला. "उद्या असे पन्नास दावे आले तर?"

त्या पन्नासच्या आकड्याने काम केलं. तडजोड मान्य झाली. माणसं ओळखू येतील अशी चित्रं पेटीतून काढून टाकायची, पुढे लेखी परवानगीशिवाय फोटो दाखवायचा नाही. नष्ट करायच्या चित्रांवर सूर्यभानने स्वतः खुणा केल्या. तिरक्या व्रणाच्या चित्रावर खूण करून ते त्याने ढिगाच्या तळाशी सरकवलं. भरपाईचं विचारलं तेव्हा चतुराबाई म्हणाली, "ज्या भोंग्यानं माजी इज्जत घेतली त्याच भोंग्यावर सांगा, ही बाई बरी झालीय. आन् सांगणाऱ्यानं माज्या हातचं जेवून दावावं."

बाजाराच्या दिवशी अधिकारी, भुजंग आणि सूर्यभान पालमला गेले. भोंगा वाजला. लोक लांबून ऐकत राहिले. खाणावळीच्या बाकावर तिघं बसले. चतुराबाईने भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. अधिकाऱ्याने घाईघाईने चार घास पोटात ढकलले. गर्दी पाहत होती. सूर्यभान घास हातात धरून बसला. एवढ्या माणसांत गंगाखेडकडचं कुणी असेल, पडद्यावरचं कुणाला आठवत असेल, उठताना कोट वर सरकला तर, असं काहीबाही त्याच्या मनात चाललं होतं. बाईला सांगावं, असं मात्र राहून राहून वाटत होतं. बाई, मीही त्याच पेटीत होतो. शब्द अगदी ओठांशी आले.

चतुराबाई भाकरी घेऊन त्याच्यापाशी थांबली. त्याच्या हातात तशाच राहिलेल्या घासाकडे बघून तिचा चेहरा पडला.

"साहेब, लय भ्यायलाव तुमी," ती हळू आवाजात म्हणाली. "नसंल जात तर राहू द्या. मी वाईट मानत न्हाई."

"नाही बाई, तसं नाही," तो म्हणाला. त्याने ताट पुढे केलं. "आणखी एक वाढा."

तिने अख्खी भाकरी वाढली आणि तो ती खात बसला.