शेठच्या वडिलांची पाटी

चांदिवलीच्या खाणीखाली आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक संगमरवरी पाटी आहे. माणिकशेठच्या वडिलांच्या स्मरणार्थ पाण्याची सोय, असं तिच्यावर सोनेरी अक्षरात लिहिलंय. पाटीखाली पाइपाचा कोरडा तुकडा. येताजाता तिकडे लक्ष गेलं की माझं तोंड कडू होतं, आणि ते फक्त शेठमुळे होतं असं नाही.

तो पाइप गुणाजीकाकाने बसवला होता. गुणाजीकाका मालवणकडचा, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी सुटली आणि तो माणिकशेठच्या क्रशरवर वॉचमन म्हणून लागला. क्रशरवर खडी धुतली की राखाडी चिखलपाणी उरायचं. ते डोंगरातल्या खोलगटात सोडत आणि अडवायला समोर मातीचा बांध घातला होता. बांध शेठचा, जमीन शेठची, आणि बरोबर खाली आमच्या साठ झोपड्या. गाळ वर चढला की शेठ बांधावर आणखी चार डंपर माती टाकायचा. धुम्मसाने माती ठोकून बसवायची पद्धत नव्हती. डंपर वरून फिरला की झालं काम.

गुणाजीकाका त्या बांधाकडे भातखाचराच्या बांधासारखा बघायचा. रोज सकाळी चपला काढून अनवाणी चालायचा, म्हणायचा, पायाला ओल आधी कळते. कुठे खेकड्याचं भोक दिसलं की टाचेने माती दाबायचा. शेठची माणसं त्याला हसायची.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात बांधाच्या पायथ्याला पाणी पाझरायला लागलं. अगदी निवळ. वस्तीला नळ नव्हता, बायका मैलभरावरून हंडे आणायच्या. गावाला झऱ्याला पोफळीची पन्हळ लावतात, तशी काकाने क्रशरचा फुटका पाइप उभा चिरून, बांधात हातभर खणून ठोकून दिली. धार पडली. माझ्या बायकोने, कमलने, पहिला हंडा भरून त्याला ओवाळलं. महिन्याभरात शेठ आला, पाटी लावली, नारळ फोडला, पेढे वाटले. स्वतःच्या गळक्या बांधावर बापाचं नाव कोरून घेणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आणि पेढा मीही खाल्ला.

पुढच्या वर्षी श्रावणात धार जाड झाली. गुणाजीकाका रोज सरबताच्या बाटलीत ते पाणी भरून चौकीच्या फळीवर ठेवायचा. एकदा मला बोलावलं. बाटल्या ओळीने मांडलेल्या. पहिलीच्या तळाला काहीच नाही, शेवटचीच्या तळाला बोटभर माती.

"अंबादासा, पाणी निवळ येता तवसर भिया नाय. गढूळ येवक लागला की समजायचा, बांध आतसून खाल्लो जाता. आणि वाट मियाच करून दिलंय." त्याने शेवटची बाटली उचलून धरली. "आता पाइप उपटलंय तरी थांबाचा नाय. वरचा पाणी उतरवूक होया."

मी मरोळच्या कारखान्यात टाइमकीपर, माझं अक्षर चांगलं. त्याच्यासाठी मी तीन अर्ज लिहिले. एक शेठला, दोन सरकारी कचेरीत. शेठने उत्तर पाठवलं, पाणी गढूळ येत असेल तर फडक्याने गाळून घ्या. कचेरीचा साहेब एकदा आला. बांधावर चढला नाही, बुटाला चिखल लागेल म्हणून. शेठच्या केबिनमध्ये मस्का-पाव खाल्ला, जाताना पाटीशी थांबून वाचली, "वा, चांगलं काम" म्हणाला आणि बांध सुस्थितीत असल्याचं लिहून गेला. मिशीला लोणी तसंच होतं. मला त्या माणसाची अजून शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, क्रशर जेवणासाठी बंद असताना, गुणाजीकाकाने कुदळ घेतली. बांध जिथे कातळाला टेकतो त्या टोकाला त्याने वाट फोडली. खाचरातलं पाणी कातळाच्या अंगानेच सोडतात, म्हणजे ते माती ओढून नेत नाही. पाणी शेजारच्या जुन्या खाणीत उतरलं. तिथे शेठचा कॉम्प्रेसर ठेवलेला, तो बुडाला. संध्याकाळी बांधामागचं तळं पुरुषभर खाली गेलं तेव्हा काकाने मला वर नेलं. बांधाला आतल्या बाजूने भोक पडलं होतं, माणूस उकिडवा बसेल एवढं. मी खाली पाहिलं, तर सरळ रेषेत माझंच छप्पर.

दोन दिवसांत धार आटली. बायका हंडे घेऊन चौकीवर गेल्या. "म्हाताऱ्या, आमचं पाणी तोडलंस ना रे?" कमल ओरडली. "तुझी वाट लागो!" तिने वर्षापूर्वी ज्याला ओवाळलं त्यालाच.

त्याच संध्याकाळी शेठची जीप वस्तीत आली. वस्तीने गुणाजीविरुद्ध तक्रार दिली तर रोज टँकर पाठवतो, असा निरोप. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भोकाचं सांगितलं. कमल म्हणाली, "भोक पिणार आहेस का तू? लिही." मी लिहिलं. दारूच्या नशेत बांध फोडला, असं लिहिलं. काका दारूला शिवत नव्हता. ते भोक माझ्या डोळ्यांनी पाहून आल्यावर लिहिलं. शेठचा राग येतो, साहेबाची किळस येते, पण स्वतःची जी घाण वाटते तिला कुठे धुवायचं?

टँकर आठ दिवस आला.

पोलिसांनी काकाला दोन दिवस त्यांच्या चौकीत बसवून ठेवलं. शेठला बांधाचा विषय वाढवायचा नव्हता, म्हणून मुंबई सोडायच्या अटीवर सोडला. तिसऱ्या दिवशी मी त्याचा पत्र्याचा डबा घेऊन त्याला आणायला गेलो. बाकावर बसलेला, पाय अनवाणी. माझ्या हातून डबा घेतला.

"माका दाखवल्यानी रे तो कागद," तो म्हणाला. "अक्षर तुझा ना?"

मी मान हलवली.

"पयले तीन कोणी वाचूक नाय," काका उठत म्हणाला. "ह्यो मात्र वाचल्यानी."