लवंगांचं काडतूस

उजवा हात वर, पहिलं बोट पुढं, अंगठा आभाळाकडं आणि डावा डोळा मिटलेला. एवढं झालं की समजायचं, आता अण्णा विचारणार, "उडवू काय?"

कट्ट्यावर कुणी फार बोललं, थाप मारली किंवा आपल्या दुखण्याचं पुराण दुसऱ्यांदा लावलं की हा प्रश्न यायचा. समोरच्यानं दोन्ही हात वर करायचे, असा नियम होता. मग अण्णा बंडीच्या खिशातून एक पितळी काडतूस काढायचे, त्याचं लाकडी बूच दातांनी ओढायचे आणि आतली एक लवंग शिक्षा झालेल्याच्या तळहातावर ठेवायचे. आधी गोळी, मग लवंग. मी ही शिक्षा बारा वर्षं जवळजवळ रोज भोगली. माझ्या दाढा अजून शाबूत आहेत, त्या माझ्या आगाऊपणामुळंच.

कसबा बावड्यात मेस्त्रीचं वर्कशॉप आहे. म्हणजे होतं. लेथ विकून टाकलं, शटर कायमचं खाली ओढलं, पण पुढचा सिमेंटचा कट्टा राहिला. अशा कट्ट्यावरनं तुम्हीही येता-जाता नजर टाकली असेल. तीन म्हातारे बसलेले, मधे चहाचे ग्लास, पायाशी कुत्रं, आणि आवाज असा की वाटावं मारामारी चाललीय. मारामारी नसते. कुणाचा गुडघा जास्त दुखतो, एवढाच वाद असतो.

आमच्यात मी पाटबंधारे खात्यातला रिटायर कारकून. माझे दोन्ही गुडघे गेलेले. मेस्त्रीच्या कमरेला पट्टा. अण्णा आमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठे, नदीकाठी ऊस, जैन शेतकरी, त्यांचा उजवा खांदा धरलेला. राजा नावाच्या त्यांच्या कुत्र्याचे मागचे पाय आखडलेले. रात्री ज्याला सगळ्यात कमी झोप लागली असेल त्याला सकाळी चहाचा पहिला ग्लास. त्यासाठी मेस्त्री सर्रास खोटं बोलायचा आणि हात वर करायचा.

खांदा धरला तसा अण्णांचा नेम खाली यायला लागला. आधी ते कपाळावर धरायचे. मग छातीवर आले, मग पोटावर. शेवटच्या वर्षी तर हात मांडीवरनं उचलेना आणि बोट थेट माझ्या गुडघ्याकडं.

मेस्त्री म्हणाला, "अण्णा, गुडघ्यावर मारू नका, ते आधीच मेल्यात."

अण्णांनी त्यालाही उडवला. त्याला दोन लवंगा मिळाल्या.

बोटाचं हे असं. पण अण्णांच्या घरात खरी बंदूकही होती. दोन नळ्यांची बारा बोअर, वडिलांच्या वेळची, शेतीच्या राखणीच्या परवान्यावर. आता जैनाच्या घरात बंदूक म्हटल्यावर आम्ही कशाला सोडतोय? माणूस सूर्य मावळायच्या आत जेवणार, चातुर्मासात बटाट्याला शिवणार नाही, डास बसला तर फुंकर मारून त्याला वाट दाखवणार, आणि भिंतीला दोन नळ्या. मी विचारायचो, अण्णा, डुकरांना आधी नोटीस देता काय? ते म्हणायचे, "एकदा वाजलीया ती. बास हाय तेवढं." आम्ही समजलो हवेत वाजवली असेल. उसात डुकरं शिरली की अण्णा पत्र्याचा डबा बडवायचे, फारच झालं तर सुतळी बॉम्ब लावायचे. लांबच्या रानातली माणसं म्हणायची, अण्णांनी बार काढला. अण्णा ते खोडून काढायचे नाहीत.

रविवारी मेस्त्रीच्या घरी मटण. पांढरा रस्सा तो कट्ट्यावर किटलीत घेऊन यायचा, आणि कागदात बांधलेली हाडकं वेगळी. ती राजाची. राजा अण्णांच्या घरी भाकरी, दूध आणि आमटीवर वाढलेला जीव, पण रविवारी अकराच्या ठोक्याला आखडलेले पाय ओढत रस्ता ओलांडून हजर. अण्णांचं घर समोरच. त्या वेळेला ते सोप्यात बसून बंदूक पुसत असायचे, नेमके आमच्याकडं पाठ करून. राजाचं उरकलं की मेस्त्री चिंधीनं त्याचं तोंड पुसायचा. मग अण्णा वळायचे, यायचे, राजाचं तोंड हुंगायचे आणि मेस्त्रीपुढं लवंग धरायचे. "कुत्रं खाईना ही. तूच खा."

आम्हाला वर्षानुवर्षं वाटत होतं की आम्ही अण्णांना फसवतोय. एवढ्या हुशारीवर मी सरकारी नोकरी काढली.

राजा हा चौथा राजा. आधीचे तीनही राजाच. एवढी मोठी मराठी भाषा, दुसरं नाव सुचेना काय, असं मी छेडायचो. दिवाळीत फटाके सुरू झाले की अण्णा कट्ट्यावर यायचे नाहीत, आतल्या खोलीत राजाचे कान दोन्ही हातांनी दाबून बसायचे. पाडव्याला फराळ द्यायला गेलो तर मांडीवर कुत्र्याचं डोकं, आणि मला खुणेनं सांगायचे, ताट तिथं ठेव.

आणखी एक गंमत निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. बाकीचे बंदूकवाले कुरकुरत, शेवटच्या दिवशी जायचे. अण्णा पहिल्या दिवशी. बंदूक जुन्या चादरीत गुंडाळायची, मला मागं बसवायचं, राजाला पायाशी घ्यायचं आणि स्कूटर ठाण्यात. निकाल लागून महिना झाला तरी ते परत आणायला जायचे नाहीत. हवालदार फोन करून करून दमायचे. आणि एवढ्या दिवसांत अण्णांना चहाचा पहिला ग्लास कधीच मिळायचा नाही, कारण ते खरं सांगायचे की झोप चांगली लागली.

हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. तुम्ही असता तर कदाचित दोन-तीन गोष्टी जोडून बघितल्या असत्या. मी चेष्टा करत राहिलो.

गेल्या वर्षी अण्णांचा हात कापायला लागला. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं. पोरगा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला, चांगला पोरगा, त्याच्या घरात दोन लहान लेकरं. त्याला बंदूक नको होती आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. एक दिवस अण्णा मला म्हणाले, "साहेब, तुझं अक्षर चांगलं हाय. अर्ज लिहून दे की. परवाना रद्द करा, बंदूक सरकारजमा करा आणि मोडून टाका म्हणावं."

मी म्हटलं, बघू, सवडीनं लिहू. रिटायर माणसाला कसली आलीय सवड? त्यांनी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं, मी गुडघ्याचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अर्ज काय गुडघ्यानं लिहितोस, असं म्हणाले. खरं सांगतो, मला ती बंदूक जायला नको होती. आमच्या चेष्टेचा निम्मा माल तिच्यातून यायचा. ती गेली की कट्ट्यावर नुसती दुखणी राहणार, असं मला वाटायचं.

मग आजऱ्याकडचे एक पावणे आले. पोराच्या ओळखीचे. भाताची शेती, काजूची बाग, गवे आणि डुकरं रान तुडवतात, आणि यांच्याकडं बंदुकीचा परवाना मंजूर झालेला. अण्णांची बंदूक रीतसर घ्यायला ते तयार होते. गृहस्थ नम्र होते, मुद्द्याचं बोलले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवरचं बोट थोडं उचललं. "उडवू काय?"

पावणे हसले. अण्णा हसले नाहीत. काडतूस खिशातून बाहेर आलंच नाही. बारा वर्षांत लवंगेशिवाय गोळी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

पावणे गेल्यावर मेस्त्री चिडला. एवढं तोडून कशाला बोलायचं, त्या माणसाला गरज आहे. अण्णा म्हणाले, त्याचं बरोबर आहे, डुकरं भात खातात. मग त्यांनी काडतूस काढलं, आम्हा दोघांच्या मधे कट्ट्यावर उभं केलं आणि सांगायला लागले.

बावीस वर्षांचे होते. वडिलांनी पहाटे बंदूक देऊन उसाकडं पाठवलं. धुकं होतं. फडात सळसळ झाली, त्यांनी बार काढला. आणि फडातनं राजा बाहेर आला. पहिला राजा. त्याला अण्णा घरी बांधून आले होते, तो दावं तोडून मागनं आलेला. "शेपूट हालवत आला रे. मी हाक मारली म्हणून आल्यागत. माझ्या पायावर डोस्कं ठेवलं आन् गेला." वडिलांनी गावात सांगितलं, डुकरानं फाडला. बायकोला, पोराला, सगळ्यांना तेच माहीत होतं. कट्ट्यावरचं काडतूस त्या दिवसाचं.

मीच विचारलं, मग एवढी वर्षं ठेवली कशाला, तेव्हाच का नाही विकली?

"विकली तर दुसऱ्याच्या हातात वाजणार. माझ्याकडं हाय तवर गप हाय ती."

मी आणखी एक आगाऊ प्रश्न विचारला. मग आम्हाला रोज उडवता ते कसं चालतं?

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "बोटानं उडवलेला माणूस दुसऱ्या दिवशी चहाला येतोय की."

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहिला. एक खाडाखोड नाही. दुसऱ्या दिवशी दोघं कचेरीत गेलो, तर आचारसंहिता लागलेली. तिथले म्हणाले, निवडणूक होऊ दे, मग या, सही इथंच आमच्यासमोर करा. आम्ही आलो तसे परत गेलो, बंदूक चादरीत गुंडाळली आणि ठाण्यात जमा केली. या खेपेला रिक्षानं, कारण स्कूटर अण्णांना पेलवत नव्हती. हवालदारांनी पावती दिली, अण्णांनी त्यांना लवंग दिली. परत येताना ते सही गिरवत होते, बोटानं, मांडीवर. हात कापतो, कचेरीतल्या साहेबाला पटायला पाहिजे म्हणाले.

निकाल लागला. सोमवारी कचेरीत जायचं ठरलं. शनिवारी सकाळी चहाच्या आधीच अण्णा गेले. डॉक्टर हार्ट म्हणाले. मेस्त्रीनं तीन ग्लास सांगितले होते, ते आले, आणि समोरच्या घरातनं रडणं ऐकू आलं.

माझ्या टेबलाच्या खणात सुंदर अक्षरातला अर्ज होता, सहीशिवाय. पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा लिहिला असता तर अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी बंदूक मोडीत गेलेली बघितली असती. हे मी मेस्त्रीला सांगितलं. त्यानं समजूत घातली नाही. म्हणाला, व्हय, चुकलास तू.

महिन्याभरानं पोरगा आमच्याकडं आला. ठाण्यातनं फोन आला होता, वारसानं काय ते ठरवा. म्हणाला, "काका, त्या आजऱ्याच्या पावण्यांना देऊन टाकतो. आज्जाची वस्तू, निदान कुणाच्या उपयोगाला येईल."

पोरगा चाळिशीला आला तरी अण्णांनी ही गोष्ट त्याला सांगितली नव्हती. आम्ही सांगावी काय? राजा मेस्त्रीच्या पायाशी पडला होता. शेवटी मीच सांगितली, फड, धुकं, दावं, सगळी. तो ऐकताना खाली बसला आणि राजाच्या कानांवरनं हात फिरवत राहिला.

"लहानपणी मी दिवाळीला रडायचो," तो म्हणाला. "सगळ्यांचे बाप अंगणात फटाके उडवायचे आणि माझा बाप आत कुत्र्याचे कान धरून. मला लाज वाटायची."

त्यानं नवा अर्ज मागितला. मी तिथंच, कट्ट्यावर लिहून दिला. सही त्यानं एका झटक्यात केली. मग खिशातनं काडतूस काढलं. कपाटात औषधांच्या डब्यात सापडलं होतं. "हे तुमच्याकडं राहू दे काका."

कचेरीतनं आदेश आला तसे आम्ही तिघं शेवटच्या कागदासाठी ठाण्यात गेलो. हवालदार तेच. त्यांनी बंदूक आणून टेबलावर चादर सोडली, ती मधनं उघडून नळ्या उजेडाकडं धरल्या. आतनं आरशागत लख्ख होत्या. म्हणाले, एवढी निगा राखलेली मोडायची म्हणजे जिवावर येतंय. पोरगा म्हणाला, मोडायचीच आहे. त्याचा आवाज थेट अण्णांसारखा आला.

हवालदार कागद भरत होते. परवाना क्रमांक, नळ्या, मग विचारलं, "काडतुसं?"

"न्हाईत," पोरगा म्हणाला.

माझा हात खिशावर गेला. सगळी नोकरी कागदावर खरं लिहिण्यात गेली, आता या वयात पोलिसापुढं खोटं कुठं बोलू? मी काडतूस काढून टेबलावर ठेवलं. मेस्त्रीनं कपाळाला हात लावला.

हवालदारांनी ते उचललं, बूच काढलं, तळहातावर उपडं केलं. चार लवंगा पडल्या. त्यांनी एक तोंडात टाकली, तीन परत आत घातल्या, बूच बसवलं आणि काडतूस माझ्याकडं सरकवलं. मग कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'काडतुसे नाहीत.'

बाहेर पायरीवर आम्ही तिघांनी एकेक खाल्ली. काडतूस रिकामं झालं. येताना वाण्याकडं थांबून मी लवंगा घेतल्या आणि ते पुन्हा भरलं.