सहा आठवड्यांचा पट्टा

बाळांनो, परवा फोनवर धाकट्याने मानेला लावलेला पट्टा दाखवला. किती दिवस लावायचा, असं मी विचारलं तर म्हणाला, "आईला माहीत." तेव्हाच ठरवलं, हे लिहून ठेवायचं. तुमच्या आईला आवडणार नाही. गोष्ट तुमच्या आजोबांची आहे, आणि तिचे वडील होते ते.

तुम्ही मला कमरेला पट्टा बांधलेलीच पाहिलीत. आंघोळ आणि झोप सोडली तर तो उतरायचा नाही. इथल्या उन्हाळ्यात त्याच्याखाली घामोळं यायचं, तरी मी तो सोडला नाही. सांगितलेलं नेमाने पाळणं हा माझा स्वभाव.

पट्टा लागण्याआधी मी इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. पस्तिशीत कंबर धरली. तुमचे आजोबा मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणी झाल्यावर मी पडद्यामागे साडी नीट करत होते. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी ऐकलं, कागदही त्यांनीच घेतला. रिक्षात मला म्हणाले, "उभं राहायचं काम बंद करायला सांगितलंय. पट्टा कायमचा."

"वर्गात बसून शिकवेन की."

"तू? समोर साठ मुलं असताना तू बसशील होय?"

मला ते कौतुक वाटलं. राजीनामा त्यांनीच लिहिला. त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका मी दुरुस्त केल्या आणि सही केली.

सासूबाई तेव्हा अर्धांगाने अंथरुणावर होत्या. पुढची नऊ वर्षं मी त्यांना कुशीवर वळवलं, उचलून खुर्चीत बसवलं. वर्गात उभी राहू नकोस म्हणणाऱ्या माणसाने आपल्या आईला उचलू नकोस असं एकदाही म्हटलं नाही. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. सासूबाई गेल्यावर मी शाळेचा विषय काढला, तर आजोबांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. तो सैल झाला की नवा तेच आणायचे, माप न विचारता.

आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. यंदा कळ पायात उतरू लागली म्हणून मी फिजिओथेरपीला गेले. तिथे व्यायाम शिकवणारी मुलगी जवळच्या मंद्रूप गावाहून रोज येते. म्हणाली, "आजी, जुना एक्स-रे असेल तर आणा." तो कपाटावर होता. ठसे उमटतात म्हणून त्याला हात लावायचा नाही, असा आजोबांचा नियम. मी पाकीट न उघडताच नेलं. तिने फिल्म ओढली, तशी घडी घातलेली चिठ्ठी खाली पडली.

"आजी, हितं तर सहा आठवडे लिहिलंय की. तुमी किती लावला?"

मी वर्षं सांगितली नाहीत. चिठ्ठी हातात घेतली. पट्टा सहा आठवडे, मग व्यायाम. नेहमीचं काम हळूहळू सुरू करावं. जड उचलू नये. इंग्रजी साधं, अक्षर स्वच्छ. नोकरीत असेपर्यंत लोकांच्या मुलांच्या वह्या तपासल्या, आणि स्वतःचा कागद मी मागितलाही नव्हता.

"पट्टा कामाला लागला की पाठ सुट्टीवर जाते," ती म्हणाली. "तुमची लई लांबच्या सुट्टीवर गेलीया. बोलवू परत."

तिने पट्टा एकदम सोडवला नाही, रोज थोडा थोडा कमी केला. अंथरुणातून सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं. खुर्चीत कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. दर अर्ध्या तासाने उठायचं. खालची वस्तू उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायचं. मी छाती काढून ताठ उभी राहिले तर म्हणते, "परेड नाही आजी, सैल सोडा खांदे."

चिठ्ठीबद्दल आजोबांना आता विचारता येत नाही. चांगले होते ते, असं तुमची आई म्हणेल. तुमच्याशी होतेच. पण फोटोला हार घालताना माझा हात पूर्वीसारखा वर जात नाही, आणि त्याचं कारण खांदा नाही.

धाकट्या, तुझा कागद आईकडून माग आणि स्वतः वाच. पट्टा किती दिवस आणि नंतर काय, हे डॉक्टरांना तूच विचार.

माझा पट्टा आता खुंटीवर आहे. चिठ्ठी माझ्या फाइलमध्ये आहे. पट्ट्याशिवाय मला पस्तीस मिनिटं उभं राहता येतं. शाळेतला एक तास तेवढाच असायचा.